विल्यम कॅरी व त्यांचे घर

आमच्या मंडळ्यांत विल्यम कॅरी हे नाव ठाऊक नाही असा उपदेशक क्वचितच सापडेल. जोडे शिवणारा एक गरीब मनुष्य पुढे अनेक भाषांच्या पंडितांत गणला गेला, त्याने शास्त्राची भाषांतरे केली, छापखाना घातला, विद्यालय स्थापिले, हे आम्ही शब्बाथशाळेत ऐकत आलो आहो. परंतु त्या मनुष्याबरोबर समुद्र ओलांडून जे कुटुंब आले, त्याचे काय झाले हे फार थोड्यांनी ऐकले असेल. आज आम्ही कॅरीसाहेबांचे चरित्र त्या बाजूने सांगणार आहो. कारण असे की, आमच्या खेड्यांतील पुष्कळ घरांत आज हाच प्रश्न उभा आहे. कोणी पोटासाठी मुंबईस जातो, कोणी समुद्रापार जातो, कोणी सेवेसाठी दूरच्या मुलखात जातो. आणि प्रत्येकास विचारावे लागते की बायकामुलांस बरोबर न्यावे की मागे ठेवावे, आणि त्यांचे मन नसेल तर काय करावे. शास्त्रात अलीमलेखाची गोष्ट आहे. तो दुष्काळामुळे बेथलेहेम सोडून बायको व दोन मुलगे घेऊन मवाबात गेला. तेथे तिन्ही पुरुष मेले आणि नामी रिकाम्या हाताने परत आली. जो सहकुटुंब परदेशी निघतो त्याने अब्राहामाची गोष्ट वाचावी, तशी नामीचीही वाचावी.

विल्यम कॅरी ह्यांचा जन्म 17 ऑगस्ट 1761 रोजी इंग्लंडातील नॉर्थॅम्प्टन परगण्यात पॉलर्सपरी नावाच्या खेड्यात झाला. बाप एडमंड हा विणकर होता; पुढे तो गावच्या शाळेचा शिक्षक झाला. मुलास उन्हात काम केले की अंगास त्रास होई, म्हणून शेतकी सोडून त्यास जोडे शिवण्याच्या धंद्यास लावले. तेथेच, कातड्यांच्या ढिगाशेजारी बसून, तो लॅटिन व ग्रीक भाषांची अक्षरे गिरवू लागला.

1781 च्या जून महिन्यात, वयाच्या विसाव्या वर्षी, पिडिंग्टन येथील देवळात त्यांचे लग्न डॉरथी प्लॅकेट हिच्याशी झाले. वधू वरापेक्षा पाच वर्षांहून थोडी अधिक वडील होती. तिला लिहिता येत नव्हते. लग्नाच्या वहीत तिने नावाच्या जागी फुलीची खूण केली. आमच्या खेड्यांतील किती आजीबाईंनी असाच अंगठा उठवला असेल! डॉरथीबाई त्याच टापूत जन्मल्या, त्याच टापूत वाढल्या, आणि आपले आयुष्य त्याच टापूत सरेल, ह्यापलीकडे त्यांनी काही कल्पिले असेल असे आम्हांस वाटत नाही. जोडे शिवणाऱ्या कारागिराशी त्यांनी संसार मांडला. परदेशी जाणाऱ्या मिशनऱ्याशी नव्हे. ही गोष्ट त्यांच्याविषयी काही बोलण्यापूर्वी ध्यानात ठेवली पाहिजे.

संसारास आरंभापासून दारिद्र्याने वेढले होते. पहिली मुलगी अ‍ॅन तान्हेपणीच तापाने गेली. त्याच तापाने कॅरीसाहेबांच्या डोक्याचे केस गळाले व ते पुन्हा आले नाहीत. 1785 साली ते मोल्टन गावी शाळा चालवण्यास गेले व तेथील लहानशा बॅप्टिस्ट मंडळीचे पाळकही झाले. तरी पोट भरेना म्हणून जोडे शिवणे चालूच होते. फेलिक्स, विल्यम व पीटर हे तीन मुलगे झाले. 1789 साली लेस्टर शहरातील मंडळीने त्यांस पाळक म्हणून बोलावले. तेथे ल्यूसी नावाची मुलगी झाली, तीही लहानपणीच गेली. म्हणजे इंग्लंडचा किनारा सोडण्यापूर्वीच ह्या बाईने आपल्या दोन्ही मुली मातीत ठेवल्या होत्या.

इकडे कॅरीसाहेबांचे मन साऱ्या पृथ्वीवर फिरत होते. त्यांनी कामाच्या जागी भिंतीवर जगाचा नकाशा लावला होता, व प्रत्येक देशाची लोकसंख्या, धर्म व रीतिभाती त्यावर टिपून ठेवीत. 1792 साली त्यांनी एक लहान पुस्तक छापून दाखवून दिले की दूरच्या राष्ट्रांत शुभवर्तमान सांगण्याचे कर्तव्य मंडळीवरून उतरलेले नाही. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस नॉटिंगहॅम येथे यशयाच्या 54 व्या अध्यायावर त्यांनी उपदेश केला; आणि 2 ऑक्टोबर 1792 रोजी केटरिंग गावी एका विधवा बाईच्या घरात काही पाळकांनी मिळून मिशनरी संस्था स्थापिली. त्या दिवशी देण्याची कबुली झालेली रक्कम तेरा पौंड, दोन शिलिंग व सहा पेन्स इतकीच होती.

1793 च्या जानेवारी महिन्यात जॉन टॉमस नावाचे एक डॉक्टर संस्थेपुढे आले. ते बंगालात राहून आले होते, त्यांस बंगाली भाषा येत होती, व पुन्हा तिकडे जाण्यास सोबती पाहिजे होता. कॅरीसाहेबांनी त्याच बैठकीत आपले नाव दिले. घरी पुसून मग सांगतो, असे ते म्हणाले नाहीत. देवाची हाक आली असता मागे पाहू नये, अशी त्यांची खात्री होती. आणि त्या खात्रीस आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु घरी गेल्यावर त्यांनी जे सांगितले ते डॉरथीबाईंच्या कानी विचारलेल्या प्रश्नासारखे नव्हे, ठरलेल्या गोष्टीसारखे पडले.

बाईंनी नकार दिला. पुष्कळ जुन्या चरित्रकारांनी ह्या नकाराबद्दल त्यांस बोल लावला आहे. नवऱ्याच्या महान कार्यास न समजणारी अडाणी बायको, असे त्यांचे चित्र काढले आहे. अलीकडच्या अभ्यासकांनी मात्र त्यांची बाजू अधिक न्यायाने पाहिली आहे, व आम्हांसही तसेच करणे योग्य वाटते. बाई त्या वेळी गरोदर होत्या. पदरी तीन लहान मुलगे होते, त्यांतील वडील आठ वर्षांच्या आत. फेब्रुवारीत फ्रान्स व इंग्लंड ह्यांत युद्ध सुरू झाले, व समुद्रावर फ्रेंच गलबतांचे भय निर्माण झाले. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात जाण्यास कंपनीचा परवाना लागे; तो ह्या मंडळीजवळ नव्हता, व मिळण्याचा संभवही नव्हता. पोहोचल्यावर कंपनी हाकून देईल की काय, पैसा किती दिवस पुरेल, हे कोणास सांगता येत नव्हते. खुद्द कॅरीसाहेबांच्या बापास मुलाचा बेत ऐकून त्यास वेड लागले की काय असे वाटले. बापास अशी शंका आली तर त्यास प्रेम म्हणावयाचे, आणि बायकोस आली तर अविश्वास म्हणावयाचे, हा न्याय आम्हांस पटत नाही.

शेवटी असे ठरले की कॅरीसाहेबांनी वडील मुलगा फेलिक्स ह्यास घेऊन पुढे जावे, तिकडे बस्तान बसवावे व काही वर्षांनी येऊन बाकीच्यांस न्यावे. तोवर संस्थेने कुटुंबाचा खर्च चालवावा. डॉरथीबाई पिडिंग्टनकडे आपल्या माहेरच्या माणसांजवळ राहावयास गेल्या. एप्रिलच्या आरंभी बापलेक टॉमस डॉक्टरांच्या कुटुंबासह अर्ल ऑफ ऑक्सफर्ड ह्या जहाजावर चढले. परंतु जहाज काफिल्याची वाट पाहत वाइट बेटापाशी कित्येक आठवडे अडकून पडले; आणि तेवढ्यात परवान्याविना माणसे नेल्याबद्दल कप्तानास धमकीचे पत्र आले. टॉमस डॉक्टरांचे सावकारही त्यांच्या शोधात होते. कप्तानाने ह्या लोकांस किनाऱ्यावर उतरवून दिले. डॉक्टरांची बायको व मुलगी मात्र त्याच जहाजाने पुढे गेल्या.

त्या आठवड्यांत, मे महिन्याच्या आरंभी, डॉरथीबाई बाळंत झाल्या होत्या व चौथा मुलगा जेबेझ जन्मला होता. जहाजावरून उतरवल्यामुळे कॅरीसाहेबांस आपले तान्हे मूल पाहावयास मिळाले. लवकरच एका डेन्मार्कच्या जहाजाची बातमी लागली; त्यास कंपनीचा परवाना लागत नव्हता. कॅरीसाहेब व टॉमस डॉक्टर रातोरात प्रवास करून सकाळी डॉरथीबाईंच्या दारी पोहोचले व पुन्हा विनंती केली. बाईंनी पुन्हा नकार दिला. दोघे निरोप घेऊन वाटेस लागले. थोडे अंतर गेल्यावर टॉमस डॉक्टर एकटेच परत फिरले. त्यांनी बाईंस बजावले की आता राहिलात तर कुटुंबाची कायमची ताटातूट होईल व जन्मभर पश्चात्ताप करावा लागेल. हे ऐकून बाई भ्याल्या. आपली बहीण कॅथरीन, जिला घरात किटी म्हणत, ती बरोबर येत असेल तर आपण येऊ, असे त्या म्हणाल्या. बहिणीने होकार दिला. मग एका दिवसाच्या आत घरातील चीजवस्तू विकून, बांधाबांध करून, बाळंतपणास महिनाही झाला नसता, ही बाई चार मुलगे घेऊन निघाली.

वाचकहो, येथे आम्ही क्षणभर थांबतो. हा होकार खरा होता काय? तो भीतीतून आलेला होता. विचार करावयास वेळ नव्हता. नवरा दाराबाहेर उभा होता व गलबत सुटणार होते. कॅरीसाहेबांस मात्र ती देवाची करणी वाटली, आणि कुटुंब एकत्र राहिले ह्याचा त्यांस अपार आनंद झाला. दोन्ही गोष्टी एकाच सकाळी खऱ्या होत्या.

13 जून 1793 रोजी डोव्हर बंदरातून क्रॉन प्रिन्सेस मारिया हे जहाज निघाले. पैसे अपुरे असल्यामुळे टॉमस डॉक्टर व किटीबाई ह्यांनी नोकरांच्या दर्जाने प्रवास केला. परंतु कप्तान दयाळू होता व त्याने सर्वांस चांगले वागवले. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ मोठे वादळ झाले व जहाज बुडता बुडता वाचले. पाच महिने समुद्रावर काढून नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ही आठ माणसे कलकत्त्यास पोहोचली.

येथून खरी परीक्षा सुरू झाली. वर्षभराच्या खर्चासाठी विकावयाचा माल बरोबर आणला होता. तो टॉमस डॉक्टरांच्या हाती होता. डॉक्टर मनाचे प्रेमळ, पण हाताचे सैल. थोड्याच आठवड्यांत सारी रक्कम संपली. कॅरीसाहेब अनोळखी शहरात काम शोधीत हिंडू लागले. माणिकतळा येथे एका हिंदू सावकाराने आपल्या बागेतील लहानसे घर फुकट राहावयास दिले, म्हणून डोक्यावर छप्पर तरी राहिले. डॉरथीबाई व वडील मुलगा रक्ताच्या हगवणीने आजारी पडले. तान्हे मूल अंगावर, ताप अंगात, भाषा येत नाही, आणि गव्हाच्या पावाऐवजी भात. दोघी बहिणींनी कॅरीसाहेबांस बोल लावले, आणि ते त्यांनी आपल्या रोजनिशीत दुःखाने लिहून ठेवले. ती रोजनिशी वाचताना आम्हांस त्यांची दया येते. पण डॉरथीबाईंस लिहिता येत नव्हते, त्यांची रोजनिशी कोणी लिहिली नाही, हेही आठवते.

1794 च्या फेब्रुवारीत कॅरीसाहेबांनी सुंदरबनात फुकट जमीन मिळते असे ऐकून सर्वांस होडीत घातले. खाऱ्या पाण्याच्या खाड्या, दाट झाडी व वाघांचे भय, असा तो मुलूख. शिदोरी संपत आली असता देवहाटा येथे एका इंग्रज गृहस्थाचे घर दिसले. हे चार्ल्स शॉर्ट, कंपनीच्या मिठाच्या खात्यातील अधिकारी. त्यांस धर्माची फारशी आस्था नव्हती. परंतु ह्या ओळख नसलेल्या कुटुंबास त्यांनी आपल्या घरी उतरवून घेतले व पाहिजे तितके दिवस राहा असे सांगितले. कॅरीसाहेब जंगल तोडून झोपडी बांधू लागले. पुढे किटीबाईंचे लग्न ह्याच शॉर्टसाहेबांशी झाले. त्यांचे कल्याण झाले; पण ज्या बहिणीच्या आधारावर डॉरथीबाईंनी समुद्र ओलांडला होता, ती बहीण आता त्यांच्याजवळ राहणार नव्हती.

इतक्यात टॉमस डॉक्टरांच्या ओळखीने जॉर्ज उडनी नावाच्या गृहस्थांनी मालद्याजवळ मदनाबाटी येथील निळीच्या कारखान्यावर कॅरीसाहेबांस व्यवस्थापक नेमले. पगार दरमहा दोनशे रुपये. तीन आठवडे नदीतून प्रवास करून कुटुंब जूनमध्ये मालद्यास पोहोचले. पोटापाण्याची सोय होताच कॅरीसाहेबांनी इंग्लंडास कळवले की आता आपणांस संस्थेच्या पैशाची गरज नाही, तो दुसऱ्या कामास लावावा. दिवसा कारखाना, रात्री भाषांतर, व सभोवारच्या खेड्यांत उपदेश, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

परंतु त्या मुलखात ताप व हगवण घरोघर असे. पावसाळ्याच्या अखेरीस कॅरीसाहेब तापाने मरणोन्मुख झाले. ते नीट उठतात न उठतात तोच पीटर हा पाच वर्षांचा मुलगा हगवणीने गेला. विटाळाच्या भयाने सुतार पेटी करीना, व खड्डा खणावयास कोणी येईना. अखेर चार मुसलमानांनी थडगे खणले. प्रेत उचलण्यास कोणी मिळेना तेव्हा आईबापांनीच आपले लेकरू वाहून न्यावे अशी वेळ आली. इतक्यात घरचा मैला काढणारा नोकर व जातीबाहेर टाकलेला एक मुलगा, असे दोघे पुढे झाले. खणणाऱ्या चौघांस त्यांच्या गावाने वाळीत टाकले, व त्यांचा बहिष्कार उठवण्यासाठी आजारातून उठलेल्या बापास खटपट करावी लागली. जातीचा मार काय असतो हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. ज्यांस गाव हीन मानीत होता त्यांनीच परक्याचे मूल खांद्यावर घेतले, हे मात्र विसरू नये.

घरून पत्रही येत नव्हते. हिंदुस्थानात पाऊल ठेवल्यापासून इंग्लंडची पहिली पत्रे हाती पडण्यास दीड वर्ष लागले. ती 1795 च्या मे महिन्यात आली. तोपर्यंत फार उशीर झाला होता. पीटरच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच डॉरथीबाईंचे मन बिघडले. आपला नवरा परस्त्रियांच्या नादी लागला आहे असा खोटा संशय त्यांच्या मनात घट्ट बसला. त्या रस्त्यात त्यांच्या मागे जात, लोकांसमोर ओरडत, व त्यांच्या जिवावर उठण्यापर्यंत पाळी आली. पुढे त्यांस खोलीत बंद करून ठेवावे लागले. 1796 च्या जानेवारीत जोनाथन हा मुलगा झाला, परंतु आईच्या मनावरील अंधार हटला नाही. आज आम्ही जाणतो की हा मनाचा रोग होता. तो हट्ट नव्हे, पापाची शिक्षा नव्हे, भूतबाधाही नव्हे. त्याचे बीज पूर्वीपासून होते की दुःखांनीच तो उपजला, हे दोनशे वर्षांनंतर कोणा वैद्यास ठरवता येणार नाही. परंतु मूल गेलेली, बहिणीपासून तुटलेली, शेजारणीशी दोन शब्द बोलता न येणारी बाई त्या ओझ्याखाली मोडली, ह्यात नवल नाही.

कॅरीसाहेबांनी तिला दूर केले नाही, हेही सांगितले पाहिजे. त्यांनी बारा वर्षे तिला आपल्याच घरात सांभाळले. शेजारच्या खोलीतून आरडाओरड ऐकू येत असता ते टेबलाशी बसून भाषांतर करीत. लोकांत त्यांनी पत्नीची निंदा केली नाही. पण मुलगे मात्र मोकाट वाढले. आईचे मन ठिकाणावर नाही, बाप कामात बुडालेला. शिस्त लावणार कोण?

1799 च्या अखेरीस विल्यम वॉर्ड, जोशुआ मार्शमन व त्यांची पत्नी हॅना, आणि आणखी काही कुटुंबे इंग्लंडाहून आली. कंपनीने त्यांस आपल्या मुलखात राहू दिले नाही, म्हणून ती डेन्मार्कच्या ताब्यातील सेरामपूर येथे उतरली. हे हुगळी नदीकाठचे श्रीरामपूर होय. आमच्या नगरकडील नव्हे. त्यांतील ग्रँट नावाचे गृहस्थ उतरल्यावर तीन आठवड्यांच्या आतच मरण पावले व मागे विधवा व लेकरे राहिली. पुढील दोन वर्षांत आणखी दोन सोबती व टॉमस डॉक्टरही गेले. परदेशच्या हवेची किंमत ही अशी मोजली जात होती.

10 जानेवारी 1800 रोजी कॅरीसाहेब आपले कुटुंब घेऊन सेरामपुरास आले. तेथे सर्व मिशनरी कुटुंबे एका आवारात राहत, एका मेजावर जेवत, व मिळकत एका पेटीत टाकीत. ह्या व्यवस्थेने कॅरीसाहेबांचे घर वाचवले असे म्हणण्यास हरकत नाही. मार्शमनबाईंनी त्या चार मुलांस आईची माया दिली, त्यांच्या कपड्यांकडे व वागण्याकडे पाहिले. वॉर्डसाहेबांनी फेलिक्स व विल्यम ह्यांच्याशी थोरल्या भावाप्रमाणे स्नेह जोडून त्यांस वळणावर आणले. 28 डिसेंबर 1800 रोजी कृष्ण पाल नावाच्या सुताराचा हुगळीत बाप्तिस्मा झाला. बंगालातील त्या मिशनचे हे पहिले फळ. त्याच दिवशी फेलिक्सचाही बाप्तिस्मा झाला. बाप नदीत उतरून आपल्या मुलास व त्या बंगाली भावास बाप्तिस्मा देत असता आवारातील एका बंद खोलीत डॉरथीबाई आक्रोश करीत होत्या, व हर्षाने भान सुटलेल्या टॉमस डॉक्टरांसही कोंडून ठेवावे लागले होते. आनंद व दुःख एकाच छपराखाली इतके जवळ क्वचितच राहिले असतील.

1801 साली कॅरीसाहेबांस कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली शिकवण्याचे काम मिळाले. पुढे संस्कृत व आमची मराठीही त्यांच्याकडे आली. आम्हां मराठी लोकांवर त्यांचे ऋण येथून सुरू होते. वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने त्यांनी 1805 साली मराठीचे व्याकरण व 1810 साली मराठी शब्दांचा कोश छापला. 1805 साली मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापून निघाले, व 1811 साली नवा करार. ज्या वर्षांत ही पुस्तके तयार होत होती, त्यांतील कित्येक वर्षे डॉरथीबाई त्या बंद खोलीत होत्या. 8 डिसेंबर 1807 रोजी त्या तापाने मरण पावल्या. त्यांनी माहेरचा गाव पुन्हा पाहिला नाही.

कॅरीसाहेबांनी 1808 साली शार्लट रूमोर ह्या शिकलेल्या, पण प्रकृतीने अपंग अशा डॅनिश बाईंशी विवाह केला; त्या 1821 साली वारल्या. पुढे त्यांनी ग्रेस ह्यूज ह्या विधवा बाईंशी लग्न केले. मुलांपैकी फेलिक्स 1807 साली ब्रह्मदेशात गेला. 1814 साली ऐरावती नदीत त्याची होडी उलटून बायको व लहान मुले बुडाली आणि छापखान्याचे साहित्यही गेले. बापाने जे सोसले तेच मुलाने अधिक भयंकर रीतीने सोसले. तो काही वर्षे सैरभैर होऊन भटकला, मग घरी परतला व 1822 साली बापाच्या आधी वारला. विल्यम बंगालातच काटवा येथे सेवेत राहिला, जेबेझ दूरच्या अंबोयना बेटावर गेला, व जोनाथन कलकत्त्यात वकील झाला. कॅरीसाहेबांनी 1818 साली सेरामपूर कॉलेज स्थापिले, 1829 साली सतीबंदीच्या कायद्याचे बंगाली भाषांतर केले, आणि 9 जून 1834 रोजी सेरामपूर येथे प्रभूमध्ये निद्रित झाले. एक्केचाळीस वर्षांत ते इंग्लंडास एकदाही परत गेले नाहीत.

तर मग ते आले हे बरे झाले की वाईट? ज्या मनुष्याने आमच्या भाषेतील नवा करार छापला, त्याने येऊ नये होते असे आम्ही म्हणू शकत नाही. त्या छापील पानांचा लाभ आम्ही घेतला आहे. परंतु त्यांची किंमत एकट्या कॅरीसाहेबांनी दिली नाही. जिला ती पाने वाचता आली नसती अशा एका बाईनेही दिली, आणि तिला ती द्यावयाची आहे काय असे कोणी नीट विचारले नव्हते. तिचे नाव मंडळीत घेतले जात नाही, म्हणून आज आम्ही ते मुद्दाम घेतले.

ज्यांस घर सोडून दूर जावयाचे आहे त्यांस आम्ही भीती घालीत नाही. अब्राहाम निघाला नसता तर पुढची गोष्टच झाली नसती. पण ह्या चरित्रातून काही गोष्टी मनात धराव्या असे वाटते. घरातील माणसाचा होकार एका सकाळीत, गलबत सुटत असता, भीती दाखवून घेऊ नये. बायकोची शंका ऐकून घ्यावी. पुष्कळदा तीच पैशाचा, परवान्याचा व दवाखान्याचा खरा हिशेब असतो. साऱ्या कुटुंबाची पुंजी एका सैल हाताच्या सोबत्यावर सोपवू नये. आधी एकाने जाऊन बस्तान बसवावे, हा कॅरीसाहेबांचा पहिला बेत वाईट नव्हता. जेथे जावयाचे तेथे बोलावयास व रडावयास एखादी बहीण, एखादी शेजारीण आहे काय हे पाहावे. सेरामपूरच्या आवारात जे मिळाले ते मदनाबाटीत मिळाले असते तर कदाचित निराळे घडते. आणि कोणाचे मन आजारी पडले तर लपवून न ठेवता, दार लावून न घेता, वेळीच डॉक्टरांकडे न्यावे. आज त्या रोगावर उपाय आहेत, तेव्हा नव्हते.

मागे गावात राहणाऱ्यांचेही कर्तव्य आहे. दीड वर्ष पत्र न येणे काय असते हे आपण वाचले. आज ती अडचण नाही. फोन खिशात आहे. तरी दूर गेलेल्या घराची विचारपूस आपण किती वेळा करतो? आणि परक्या मुलखातून एखादे कुटुंब आपल्या गावी ऊस तोडावयास, वीट पाडावयास किंवा नोकरीस आले, तर बागेतले घर देणारा तो सावकार, आपले दार उघडणारे ते शॉर्टसाहेब, आणि थडगे खणणारे ते चौघे, ह्यांच्या रांगेत आपण उभे राहतो काय?

सेरामपुरास मिशनचे जुने कबरस्तान आहे. तेथे कॅरीसाहेबांची कबर पाहावयास लोक दुरून जातात. डॉरथीबाईंची मातीही सेरामपुरातच आहे. आमच्या वाचकांपैकी कोणी कधी तिकडे गेलाच, तर त्याने दोघांसाठीही देवाचे उपकार मानावे.